मराठवाड्याचा लोहमार्ग आणि हैदराबाद संस्थानची सीमारेषा

इ. स. १९५६ च्या १ नोव्हेंबर रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. महसूल, न्याय, शिक्षण, पोलीस या सर्व खात्यांचे हैदराबादशी असलेले नाते त्या दिवशी तुटले. मात्र सुमारे दहा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९६६ रोजी, दक्षिण-मध्य रेल्वे स्थापन झाली. तिचे मुख्यालय सिकंदराबाद येथे ठेवण्यात आले आणि १९५१ पासून मुंबईच्या मध्य रेल्वेकडे असलेला मनमाड-औरंगाबाद-नांदेड मार्ग पुन्हा सिकंदराबादच्या अखत्यारीत गेला. संस्थान विलीन झाले, भाषावार प्रांत झाले, तरी जुन्या हैदराबादची सीमारेषा एका खात्याच्या नकाशावर तशीच राहिली. मराठवाड्यात रेल्वेविषयी जी तक्रार पिढ्यान् पिढ्या ऐकू येते, तिची उपपत्ती केवळ 'दुर्लक्ष' या एका शब्दाने लागत नाही. ती लावण्यासाठी या सीमारेषेचा इतिहास पाहावा लागतो.

संस्थानचा पहिला लोहमार्ग वाडीहून हैदराबादकडे गेला आणि १८७४ साली सुरू झाला. तो ब्रॉडगेज होता. पुढे तो वरंगळमार्गे बेझवाड्यापर्यंत नेण्याची योजना निघाली, तिच्यासाठी लंडनमध्ये कंपनी उभी राहिली आणि तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी निजाम सरकारने घेतली. 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' या नावातील 'गॅरंटीड' हा शब्द त्या हमीचा निदर्शक आहे. नफा झाल्यास तो भागधारकांचा, तोटा आल्यास तो संस्थानी रयतेच्या करातून भरून निघणार, असा तो व्यवहार होता. या संदर्भात एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हैदराबादेतील अगदी आरंभीच्या सार्वजनिक चळवळींपैकी एक रेल्वेच्याच प्रश्नावर झाली. १८८३ साली चांदा रेल्वे योजनेच्या अटी जनतेपुढे मांडाव्यात, अशी मागणी काही सुशिक्षितांनी केली. त्यांत सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम हे प्रमुख होते. अघोरनाथांना त्यापायी संस्थानातून हद्दपार व्हावे लागले. रेल्वेत पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा आणि लाभ कोणाचा, हे विचारणे तेव्हा राजद्रोहाच्या जवळपास मानले जात होते.

मराठवाड्यात रूळ आले ते या घटनेनंतर दीड तपाने. 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे' हा ३९१ मैलांचा मनमाड-सिकंदराबाद मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. औरंगाबाद स्थानकात १९०० साली गाडी आली. हीच वर्षे छप्पन्न्या दुष्काळाची होत. मार्ग मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांतील अंतर एक मीटर. ज्या दोन टोकांना तो जोडत होता, ती मनमाड व सिकंदराबाद ही दोन्ही स्थानके मात्र ब्रॉडगेजवरील, म्हणजे पाच फूट सहा इंच रुंदीच्या मार्गावरील होती. दोन रुंद मार्गांच्या मध्ये एक अरुंद दुवा, हीच मराठवाड्याच्या पहिल्या रेल्वेची रचना होती. मीटरगेज स्वस्त पडतो हे त्याचे एक कारण. दुसरा विचार असा, की उत्तरेतील माळवा-राजपुतान्याचा आणि दक्षिणेतील मीटरगेज पुढेमागे एकमेकांस जोडता येईल. १९१२ साली झालेली पूर्णा-हिंगोली शाखा स्वातंत्र्योत्तर काळात अकोल्यावरून खांडव्यापर्यंत गेली तेव्हा ती साखळी खरोखरच पूर्ण झाली. पण तोवर देशातील वाहतुकीचा मुख्य भार ब्रॉडगेजवर गेलेला होता.

या मार्गाने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. औरंगाबादेत १८८९ ची एक कापड गिरणी रेल्वेच्या आधीपासून होती. परंतु गाडी येताच सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने झपाट्याने निघाले. एकट्या जालन्यात नऊ जिनिंग व पाच प्रेसिंग कारखाने उभे राहिले. १९०१ साली या धंद्यात जिल्ह्यातील १,०१६ माणसे कामाला होती. जालना ही व्यापारपेठ म्हणून औरंगाबादेच्या पुढे गेली ती याच काळात. मात्र येथील गठ्ठ्याचा प्रवास मनमाडला थांबे. तेथे मीटरगेजच्या वाघिणीतून तो हमालांच्या पाठीवर उतरे आणि ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढे. या चढउतारीत वेळ जाई, मजुरी वाढे, गळती व चोरी होई. शिवाय हंगामात मीटरगेजच्या वाघिणी कमी पडल्या तर शेजारच्या मार्गावर उभ्या असलेल्या ब्रॉडगेज वाघिणींचा काडीइतका उपयोग नसे. माणसांचीही गत तीच होती. मुंबईहून वेरूळ पाहावयास निघालेल्या प्रवाशाला मनमाडला उतरून सामानासह दुसऱ्या गाडीत बसावे लागे. मनमाड हे नाव मराठवाड्यातील तीन पिढ्यांच्या स्मरणात स्थानकापेक्षा एक अडसर म्हणूनच राहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दक्षिणेकडील भागाची कथा निराळी, तरी सार तेच. लातूरला १९११ च्या सुमारास गाडी आली ती बार्शी लाइट रेल्वेची, म्हणजे मीटरगेजहूनही अरुंद, अडीच फुटी मार्गावरची. तिचे गठ्ठे कुर्डुवाडीला उतरत. एका प्रदेशात निरनिराळ्या रुंदीचे मार्ग, त्यांची तोंडे परप्रांतातील जंक्शनांकडे, आणि त्यांच्या मध्ये बीड शहर रुळांवाचून, असे चित्र स्वातंत्र्याच्या वेळी होते.

निजाम सरकारने १९३० साली कंपनीकडून रेल्वे विकत घेतली. १९३२ साली त्याच रेल्वेने २७ मोटारी घेऊन प्रवासी बससेवा सुरू केली. रूळ नाहीत तेथे रेल्वेचीच बस, अशी ती योजना होती. वाहतुकीचा एकत्र विचार करण्याची ही कल्पना त्या काळाच्या मानाने पुष्कळ पुढची होती. १९५० साली रेल्वे केंद्राकडे आली, बससेवा तिच्यापासून वेगळी निघाली, आणि ही एकसूत्रता संपली.

रुंदीकरणाची मागणी राज्यपुनर्रचनेनंतर जोर धरू लागली. 'मराठवाडा' पत्राने तिला वाचा दिली. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात नोकऱ्या, पाटबंधारे व उद्योग यांच्या बरोबरीने मनमाडपासूनच्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर ही मागणी होती. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखालील मराठवाडा जनता विकास परिषदेने ती पुढे वर्षानुवर्षे लावून धरली. रेल्वे खात्याचे मत असे, की या मार्गावर पुरेशी वाहतूक नाही, सबब गुंतवणुकीवर परतावा मिळणार नाही. हिशेबाच्या दृष्टीने हे मत खोटे नव्हते. पण ज्या मार्गाच्या टोकाला प्रत्येक पोते हाताने उतरवावे लागते, त्यावर वाहतूक वाढावी कशी, या प्रश्नाला त्या हिशेबात रकानाच नव्हता. चिकलठाण्याची व नंतर वाळूजची औद्योगिक वसाहत उभी राहिली ती मालमोटारींच्या भरवशावर. एकदा रस्त्याला लागलेला माल रुळावर परत आणणे कोणत्याच देशात सोपे ठरलेले नाही.

येथे एक प्रशासकीय बाब ध्यानी घेतली पाहिजे. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये व त्यांपैकी मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी रुपये ठरविला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांची तूट अशा रीतीने आकड्यांत आली. रेल्वे हा केंद्राचा विषय, म्हणून ती त्या मोजणीत नव्हती. परिणामी मराठवाड्याच्या या जुन्या दुःखाला अनुशेषाच्या भाषेत कधी आकडाच मिळाला नाही. मुंबईला त्याचा जाब विचारता येत नव्हता, आणि सिकंदराबादला मराठवाड्याचे मतदार नव्हते. इतर प्रांतांतही रेल्वेचे क्षेत्र व राज्याची सीमा जुळत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. परंतु १९६६ साली मराठवाड्याबरोबरच दक्षिण-मध्य रेल्वेत गेलेला सोलापूर विभाग १९७७ साली मध्य रेल्वेकडे परत आला. मनमाड-नांदेड मार्ग आला नाही. तेव्हा नकाशा बदलणे अशक्य होते असे म्हणता येत नाही.

या तक्रारीला इंग्लंडच्या उत्तर भागात एक समांतर उदाहरण सापडते. १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग ज्या प्रदेशात सुरू झाला, त्याच प्रदेशाने १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर अनेक शाखा बंद होताना पाहिल्या, आणि लंडनहून मँचेस्टरपर्यंत येणाऱ्या नव्या जलदगती मार्गाचा बर्मिंगहॅमपलीकडील भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाल्याचेही ऐकले. निर्णय दूरच्या राजधानीत होतो आणि दर वेळी परताव्याचे गणित पुढे केले जाते, एवढे साम्य स्पष्ट आहे. भेदही तितकाच मोठा आहे. तेथे होते ते गेले. येथे यावयाचे ते वेळेवर आले नाही. म्हणून तेथील लेखनात गतवैभवाचा सूर दिसतो, तर मराठवाड्याच्या निवेदनांत अर्जदाराचा.

ब्रॉडगेज अखेर १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात औरंगाबादला पोहोचला व पुढे परभणी-नांदेडकडे सरकला. पूर्णा-अकोला रुंदीकरणास २००८ उजाडले. २००३ साली नांदेड विभाग निर्माण झाला. क्षेत्र मात्र सिकंदराबादचेच राहिले. मनमाडचा अडसर गेला आणि मुंबईची थेट गाडी मिळाली, हा बदल लहान नव्हता. पण मार्ग एकेरीच होता. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी दुसरीला स्थानकात थांबून राहावे लागते, आणि दिवसात किती गाड्या जाऊ शकतील हे रुळांच्या रुंदीवर नव्हे, तर अशा क्रॉसिंगांवर ठरते. त्यातून एक नवाच कलह उपजला. नवी गाडी घालण्यास जागा नसल्याने असलेलीच गाडी पुढे वाढवावयाची, ही रीत पडली. औरंगाबाद-मुंबई जनशताब्दी आधी जालन्यापर्यंत व मार्च २०२४ मध्ये हिंगोलीपर्यंत नेण्यात आली. जालन्याहून डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत गेली. प्रत्येक वाढीला एका गावाने पेढे वाटले आणि दुसऱ्याने निषेध केला. टंचाईचे वाटप करताना टंचाईचा प्रश्न मागे पडतो, याची जाणीव मराठवाड्याच्या पुढाऱ्यांनी फारशी दाखविली नाही, असे खेदाने नमूद करावे लागते. दरम्यान मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबलेल्या पॅसेंजर गाड्या परत आल्या त्या एक्स्प्रेसच्या दराने. दहा रुपयांचे किमान भाडे तीस रुपये झाले आणि देशभरच ते फेब्रुवारी २०२४ पर्यंत तसेच राहिले. करमाड-बदनापूरसारख्या लहान स्थानकांवरील मजुराला व विद्यार्थ्याला ही दरवाढ नव्या गाडीच्या वेगापेक्षा अधिक जाणवली असणार.

दुपदरीकरणाचा निर्णय आता कोठे झाला आहे. अंकाई ते औरंगाबाद या ९८ कि. मी. अंतराला २०२२-२३ मध्ये आणि औरंगाबाद ते परभणी या १७७ कि. मी. अंतराला जुलै २०२५ मध्ये मान्यता मिळाली. जालना-जळगाव या १७४ कि. मी. नव्या मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संमती दिली.

रुळांच्या रुंदीचा अर्थ एप्रिल २०१६ मध्ये लातूरने जसा अनुभवला तसा तो कोणत्याही अहवालात उतरलेला नाही. शहराचे पाणी संपले होते. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून दहा टाक्यांची गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, आणि त्यानंतर पावसाळ्यापर्यंत अशा गाड्या येत राहिल्या. त्या आल्या पंढरपूर-कुर्डुवाडीच्या वाटेने, म्हणजे जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्याच वाटेने. त्या मार्गाच्या लातूरकडील भागाचे रुंदीकरण २००७-०८ च्या सुमारास झाले होते. अडीच फुटी रूळ तसेच राहिले असते, तर ते पाणी कुर्डुवाडीला उतरवून घ्यावे लागले असते.

बीडला या सर्वांहून अधिक वाट पाहावी लागली. अहमदनगर-बीड-परळी या २६१ कि. मी. मार्गास १९९५-९६ मध्ये मंजुरी मिळाली. आष्टीपर्यंतची गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि बीड शहरात पहिली प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, धावली. परळीकडील काम त्या दिवशी अपुरेच होते. हा मार्ग मध्य रेल्वेच्या हद्दीत सुरू होतो. जेथे तो संपावयाचा ते परळी स्थानक दक्षिण-मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात आहे.