उद्योग वेशीबाहेर, बाजार वेशीच्या आत : जुन्या पेठेच्या पुनरुज्जीवनाचा लेखाजोखा

छत्रपती संभाजीनगर हे मराठवाड्याचे औद्योगिक केंद्र म्हणून ओळखले जाते. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आणि आता बिडकीन असा उद्योगांचा पसारा शहराभोवती वाढत गेला. मात्र, ज्या बाजारपेठेभोवती हे शहर वसले, ती पैठण गेट, गुलमंडी, सिटी चौक, शहागंज परिसरातील जुनी पेठ वाहतूक कोंडी, पाणीटंचाई आणि इमारतींची पडझड यांच्याशी झुंजत आहे. या पेठेसाठी योजना आल्या नाहीत, असे नाही. त्या तुकड्यातुकड्यांनी आल्या आणि काम संपल्यानंतर पेठेची रोजची देखभाल कोणी करायची, हा प्रश्न प्रत्येक वेळी अनुत्तरित राहिला.

व्यापारासाठी वसलेले शहर

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या गावी नवे नगर वसविण्यास सुरुवात केली. १६१२ मधील भडकल दरवाजा आणि भूमिगत नळांमधून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी ही त्या नगररचनेची ठळक उदाहरणे होत. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला आणि शहराला औरंगाबाद हे नाव मिळाले. १६८२ मध्ये शहराभोवती तटबंदी उभी राहिली. (छत्रपती संभाजीनगर या नावाला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली.) हिमरू, मश्रू आणि पैठणी या वस्त्रांच्या व्यापाराने पेठांची भरभराट झाली. रंगार गल्ली, कुंभारवाडा, सराफा ही नावे त्या त्या व्यवसायाची आजही साक्ष देतात.

१७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि शहराला उतरती कळा लागली. १८८९ मध्ये येथे कापड गिरणी सुरू झाली, तर १९०० मध्ये मनमाडकडून रेल्वे आली. रेल्वेस्थानक तटबंदीच्या बाहेर झाले. नव्या गुंतवणुकीचा ओढा वेशीबाहेर राहण्याची ती सुरुवात म्हणता येईल.

केंद्र सरकत गेले

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्यानंतर रेल्वेस्थानक आणि चिकलठाणा येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना सुरू झाल्यावर पूरक उद्योगांची रांग लागली. २००१ मध्ये शेंद्र्यात स्कोडाचे उत्पादन सुरू झाले. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेअंतर्गत शेंद्रा-बिडकीन येथे सुमारे दहा हजार एकरांवर ‘ऑरिक’ हे औद्योगिक नगर आकाराला येत असून, त्याच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झाले. टोयोटा किर्लोस्करने बिडकीनमधील प्रकल्पासाठी २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला.

लोकसंख्याही त्याच वेगाने वाढली. महापालिका क्षेत्रात २००१ च्या जनगणनेत ८ लाख ७३ हजार, तर २०११ मध्ये ११ लाख ७५ हजार रहिवासी होते. नवी वस्ती सिडको, हडको, गारखेडा, सातारा परिसर या भागांत पसरली. तिच्यासोबत निराला बाजार, कॅनॉट प्लेस ही नवी खरेदी केंद्रे आली. पाठोपाठ मॉल आले. वाळूजला पगार घेणारा कामगार आणि शेंद्र्यातला अभियंता यांना खरेदीसाठी जुन्या शहरात जाण्याची गरज उरली नाही. घाऊक धान्य बाजार जाधववाडीला गेल्याने जुन्या मोंढ्याचीही रया गेली.

पर्यटनाचेही तसेच. अजिंठा आणि वेरूळ ही लेणी १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तथापि, बहुतेक सहलींच्या कार्यक्रमात लेणी, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि हॉटेल एवढेच थांबे असतात. गुलमंडीत पायी फिरून पर्यटकाने चार पैसे खर्चावेत, अशी सोय त्यात नसते.

दुखण्याची मुळे

जुन्या पेठेची पहिली अडचण मालकी हक्काची आहे. अनेक दुकाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाडेकरूंकडे आहेत. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा १९५४ चा भाडे नियंत्रण कायदा लागू होता. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. या कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. पण मूळ भाडेच नाममात्र असेल, तर त्या वाढीतून इमारतीची डागडुजी होत नाही. मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि दुकान आपले नसल्याने भाडेकरू पैसा घालत नाही. भिंत मात्र दोघांच्याही डोक्यावर असते.

दुसरी अडचण महापालिकेच्या तिजोरीची. जकात असताना शहरात येणाऱ्या मालाचा थेट महसूल पालिकेला मिळत असे. जकातीनंतर आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. आता पालिकेला राज्याकडून भरपाईपोटी अनुदान मिळते. परिणामी पेठेत उलाढाल वाढली वा घटली, तरी पालिकेच्या उत्पन्नावर त्याचा थेट परिणाम दिसत नाही. बाजार सुधारण्यामागची आर्थिक निकड त्यामुळे कमी झाली.

तिसरी अडचण नागरी सुविधांची. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी कचरा टाकण्यास विरोध केल्यावर शहरभर कचऱ्याचे ढीग साचले. जायकवाडी धरण जवळ असूनही नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते. १,६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. याखेरीज मे २०१८ च्या दंगलीत शहागंज परिसरातील दुकाने जळाली. मिश्र वस्तीच्या पेठेत शांतता हेच पहिले भांडवल असते, याची ती कटू आठवण ठरली.

रुंदीकरण आणि त्याची किंमत

कोंडीवर उपाय म्हणून प्रशासनाचा भर प्रामुख्याने रस्ता रुंदीकरणावर राहिला. २०१०-११ च्या सुमारास जुन्या शहरात मोठी मोहीम राबविण्यात आली. रस्ते मोकळे झाले हे खरे. पण रिकामी झालेली जागा अनेक ठिकाणी वाहने उभी करण्यासाठीच वापरली जाऊ लागली.

बाधितांना रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याचा पर्याय असतो. मोठ्या भूखंडधारकाला तो उपयोगी पडतो. दहा बाय बाराच्या दुकानाचे पुढचे पाच फूट गेले, तर मात्र उरलेल्या जागेत धंदा करणे कठीण होते. शिवाय हा हक्क जागामालकाचा असल्याने भाडेकरूच्या पदरात काही पडेलच, असे नाही. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून लौकिक असलेल्या या नगरातील बहुतांश दरवाजे काळाच्या ओघात नाहीसे झाले. अरुंद गल्ल्या आणि जुने वाडे ही पेठेची ओळख असेल, तर ती पाडून बाजार वाचविता येणार नाही.

‘स्मार्ट सिटी’तून काय मिळाले?

सप्टेंबर २०१६ मध्ये शहराची केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. या निधीतून २०१९ पासून शहर बससेवा सुरू झाली, ऐतिहासिक दरवाजांचे जतन झाले आणि शहागंजच्या निजामकालीन घड्याळ मनोऱ्याला नवे रूप मिळाले. केंद्राच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेतील विजेत्या ११ शहरांत या शहराचा समावेश होता. पादचाऱ्यांना प्राधान्य देणारे रस्ते, हा त्या स्पर्धेचा विषय होता.

ही योजना मार्च २०२५ मध्ये संपली. दरम्यान, एप्रिल २०२० मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. कामे झाली, पण पेठेतील व्यापारी आणि रहिवाशांना ज्याच्याकडे दाद मागावी, असा नगरसेवक त्या काळात नव्हता.

फेरीवाले : अडथळा की आधार?

पेठेतील गर्दीचा दोष सहसा हातगाडी आणि पथारीवाल्यांना दिला जातो. फारसे भांडवल नसलेल्या कुटुंबाला शहरात उपजीविकेचा पहिला आधार तोच व्यवसाय देतो. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते आणि तिचे किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण बंधनकारक आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटविता येत नाही. जून २०२० मध्ये आलेल्या पीएम स्वनिधी योजनेने विक्रेत्यांना विनातारण कर्ज दिले. मात्र, बसण्याची जागा निश्चित नसेल, तर घेतलेल्या कर्जातून धंदा वाढविणार कोठे, हा प्रश्न उरतोच.

इतर शहरांचा अनुभव

भुयारी रेल्वेमुळे ग्राहक रस्त्यावरून नाहीसा झाल्याने कॅनडातील टोरांटो शहरात १९७० मध्ये ब्लूर वेस्ट व्हिलेज भागातील व्यापारी एकत्र आले. त्यांनी स्वतःवर उपकर लावून घेतला, नगरपालिकेने तो वसूल करून त्यांच्याच मंडळाला दिला आणि त्यातून दिवे, बाके, स्वच्छता व उत्सव यांचा खर्च भागू लागला. अमेरिकेत १९८० मध्ये सुरू झालेल्या ‘मेन स्ट्रीट’ उपक्रमाने संघटन, प्रसिद्धी, रचना आणि आर्थिक बळकटी ही चार सूत्रे लहान शहरांपुढे ठेवली.

भारतात अहमदाबादने १९९७ मध्ये वारसा पदभ्रमण सुरू केले; त्या शहराला २०१७ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला. पुण्याने डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस वाहनमुक्त करून ‘पादचारी दिन’ पाळला. दिल्लीचा चांदणी चौक सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या रूपात खुला झाला आणि तेथे दिवसा मोटारींना बंदी आली. पुढे तेथे देखभालीच्या आणि पुन्हा होणाऱ्या अतिक्रमणाच्या तक्रारी सुरू झाल्या. दगडी फरसबंदी एकदाच होते, झाडलोट रोज करावी लागते, हा त्यातील धडा.

पेठेला हवा कारभारी

या शहरालाही असे सहकार्य परके नाही. खाम नदीच्या पुनरुज्जीवनासाठी २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, उद्योगसमूह आणि स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. पैठण गेट ते शहागंज या पट्ट्यासाठी व्यापारी, भाडेकरू, जागामालक, विक्रेते आणि महापालिका यांचे स्थायी मंडळ स्थापन करणे त्यामुळे अशक्य नाही. स्वतंत्र उपकरासाठी कायद्याचा आधार लागेल. पण वाहनतळाच्या शुल्कातील वाटा पेठेतच खर्च करण्याने सुरुवात होऊ शकते.

अशा मंडळापुढची पहिली कामेही फार खर्चिक नाहीत. महिलांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे, माल उतरविण्याच्या ठरावीक वेळा, पेठेच्या कडेला वाहनतळ आणि तेथून पायी जाण्याची सावली असलेली वाट, विक्रेत्यांना आखून दिलेल्या जागा आणि संस्थान गणपतीपासून घड्याळ मनोऱ्यापर्यंत माहितीफलकांसह पदभ्रमण, एवढ्याने ग्राहक आणि पर्यटक या दोघांनाही पेठेत यावेसे वाटेल. मात्र, सुशोभीकरणानंतर भाडी वाढतात आणि सर्वांत आधी लहान दुकानदार बाहेर पडतो. त्यामुळे त्याच्या संरक्षणाची अट पहिल्याच आराखड्यात असणे आवश्यक आहे.

बिडकीनमध्ये येणारी गुंतवणूक शहराचे उत्पन्न वाढवील. त्यातील किती पैसा गुलमंडीच्या गल्ल्यांत फिरेल, हे मात्र कारखान्यांवर नव्हे, तर पेठ कोणाच्या हाती आणि कोणत्या नियमाने चालते, यावर अवलंबून राहील.