चर्च ऑफ इंग्लंडची गुंतवणूक व नीतिसंघर्ष

व्यासपीठावरून दिलेली नैतिक शिकवण आणि संस्थेच्या निधीची प्रत्यक्ष गुंतवणूक यांतील विसंगती हा बहुतेक सधन धर्मसंस्थांपुढील प्रश्न आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या बाबतीत न्यायालयीन निवाडे, संसदेचे कायदे आणि वार्षिक हिशेब उपलब्ध असल्याने त्याचा सर्वांत सलग अभ्यास होऊ शकतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः या चर्चपुरती व विशेषतः विश्वस्त-कायद्याच्या अंगाने आहे.

रचना : चर्चचा मुख्य निधी ‘चर्च कमिशनर्स’ या वैधानिक मंडळाकडे आहे. १७०४ मध्ये स्थापन झालेली ‘क्वीन ॲन्स बाउंटी’ आणि १८३६ मधील ‘एक्लेझिॲस्टिकल कमिशनर्स’ यांच्या विलीनीकरणातून १९४८ मध्ये हे मंडळ अस्तित्वात आले. २०२३ अखेर त्याच्या निधीचे मूल्य सुमारे १०.४ अब्ज पौंड होते. उत्पन्नातून १९९८ पूर्वीच्या सेवेबद्दलची धर्मोपदेशकांची निवृत्तिवेतने, बिशपांचा खर्च, कॅथीड्रलांना व गरीब पॅरिशांना साहाय्य दिले जाते. कँटरबरीचे आर्चबिशप पदसिद्ध अध्यक्ष असले, तरी दैनंदिन गुंतवणुकीचे निर्णय वित्ततज्ज्ञ घेतात. शिकवण देणारा आणि पैसा गुंतवणारा असे दोन हात येथे वेगळे आहेत. दुसऱ्या हातावर विश्वस्त-कायद्याची बंधने आहेत, आणि पुढील बहुतेक वाद याच सांध्यावर उद्भवलेले दिसतात. १९९४ पासून एक नैतिक गुंतवणूक सल्लागार गट कमिशनर्स, निवृत्तिवेतन मंडळ आणि चर्चचे इतर गुंतवणूक निधी यांना सल्ला देतो. सल्ला स्वीकारण्याची जबाबदारी मात्र त्या त्या मंडळाच्या विश्वस्तांची असते.

अठरावे शतक : क्वीन ॲन्स बाउंटीचा उद्देश गरीब धर्मोपदेशकांचे उत्पन्न वाढवणे हा होता. पूर्वी राजाच्या तिजोरीत जाणारे चर्चचे कर त्यासाठी तिच्याकडे वळवण्यात आले. हा पैसा बऱ्याच प्रमाणात साउथ सी कंपनीच्या वर्षासन-रोख्यांत गुंतवला गेला. ही कंपनी आफ्रिकेतून गुलामांची वाहतूक करीत असे. १७३९ मध्ये तिने ही वाहतूक थांबवली, तेव्हा बाउंटीकडील रोख्यांचे मूल्य सुमारे २,०४,००० पौंड झाले होते. ब्रिस्टलचा गुलामव्यापारी एडवर्ड कोल्स्टन याच्या देणग्याही बाउंटीच्या नोंदींत आढळतात. कमिशनर्सनी जानेवारी २०२३ मध्ये हा इतिहास प्रसिद्ध केला आणि भरपाईदाखल नऊ वर्षांत १० कोटी पौंडांचा निधी उभारण्याचे जाहीर केले. मार्च २०२४ मध्ये एका देखरेख गटाने एकूण उद्दिष्ट १ अब्ज पौंडांपर्यंत न्यावे, अशी शिफारस केली. हे रोखे म्हणजे प्रामुख्याने सरकारी कर्ज होते, गुलामव्यापाराच्या नफ्यातील वाटा नव्हता, असा काही इतिहासकारांचा आक्षेप आहे. या मुद्द्यावर एकमत नाही.

धर्मप्रसारासाठी स्थापन झालेल्या सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल (एसपीजी) या वेगळ्या संस्थेकडे क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन याच्या मृत्युपत्रान्वये १७१० पासून बार्बाडोसमधील उसाचे मळे होते. सुरुवातीच्या काळात तेथील गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ हा शब्द डागला जाई. गुलामी रद्द झाल्यावर ब्रिटिश सरकारने दिलेली भरपाई गुलामांना नव्हे, तर मालक म्हणून संस्थेला मिळाली. चर्चच्या जनरल सिनॉडने २००६ मध्ये याबद्दल माफी मागितली.

घरमालकी : लंडनमधील चर्चच्या जमिनींवरील जुनाट घरांच्या अवस्थेबद्दल एकोणिसाव्या शतकात टीका होत असे. १८८४ पासून सदर्कमधील काही घरांची व्यवस्था गृहसुधारक ऑक्टेव्हिया हिल यांच्याकडे देण्यात आली.

हॅरीज खटला : या विषयातील हा मूलभूत निवाडा होय. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीमुळे १९७० नंतर चर्चच्या गुंतवणुकीचा प्रश्न ऐरणीवर आला. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने १९७१ मध्ये जनरल मोटर्सच्या भागधारक-सभेत कंपनीने दक्षिण आफ्रिका सोडावी, असा ठराव मांडला होता. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे बिशप रिचर्ड हॅरीज व इतरांनी कमिशनर्सविरुद्ध दाद मागितली. कमिशनर्सचा उद्देश केवळ पैसा मिळवणे नसून ख्रिस्ती श्रद्धेचा प्रसार हा आहे, त्यामुळे त्या श्रद्धेशी विसंगत गुंतवणूक त्यांनी टाळली पाहिजे, असे वादींचे म्हणणे होते. शस्त्रास्त्रे, जुगार, मद्य, तंबाखू आणि वृत्तपत्रे हे मुख्य व्यवसाय असलेल्या कंपन्या कमिशनर्स तेव्हाही वर्ज्य मानत. दक्षिण आफ्रिकेबाबतही त्यांची मर्यादित बंधने होती. या बंधनांमुळे ब्रिटिश शेअरबाजारातील मूल्याच्या सुमारे १३ टक्के कंपन्या बाद होत होत्या. वादींची भूमिका मान्य झाली असती, तर हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर गेले असते.

१९९१ मध्ये न्या. डोनाल्ड निकोल्स यांनी वादींची मागणी फेटाळली. निधी धर्मोपदेशकांच्या उदरनिर्वाहासाठी आहे, म्हणून योग्य जोखमीत अधिकाधिक परतावा मिळवणे हेच सामान्यतः विश्वस्तांचे कर्तव्य ठरते. निधी हे नैतिक भूमिका जाहीर करण्याचे साधन नव्हे, असा निवाड्याचा आशय होता. अपवाद मोजके मानले गेले. संस्थेच्या उद्दिष्टाच्या थेट विरोधी गुंतवणूक टाळता येते (उदा. कर्करोग-संशोधनाच्या न्यासाने तंबाखू कंपनीचे भाग घेणे), तसेच ज्या गुंतवणुकीमुळे देणगीदार वा लाभार्थी दुरावतील तीही टाळता येते. आर्थिक हानी फारशी नसेल, तर विश्वस्तांनी आधीपासून पाळलेली वर्ज्ययादी मात्र गैर ठरली नाही. थोडक्यात, नीतीला मुभा होती, पण तिची किंमत अल्प असावी लागे. २०२२ मधील बटलर-स्लॉस खटल्यात उच्च न्यायालयाने हे सूत्र सैल केले. संस्थेचे उद्दिष्ट व गुंतवणूक यांत विरोध असल्याचे विश्वस्तांना वाजवी कारणांनी वाटत असेल, तर साधकबाधक विचार करून, आर्थिक तोटा संभवत असतानाही, ते अशी गुंतवणूक सोडू शकतात, असे त्यात स्पष्ट झाले.

स्थावर मालमत्तेतील तोटा : कर्जाऊ पैशावर केलेल्या बांधकाम-प्रकल्पांतील गुंतवणुकीमुळे कमिशनर्सना सुमारे ८० कोटी पौंडांचा फटका बसल्याचे १९९२ मध्ये उघड झाले.

वेदांत : चर्चने फेब्रुवारी २०१० मध्ये लंडनस्थित वेदांत रिसोर्सेसमधील सुमारे ३८ लाख पौंडांचे भाग विकले. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील बॉक्साइट खाणीच्या योजनेत तेथील डोंगरिया कोंध आदिवासींच्या हक्कांची पुरेशी कदर होत नाही, असे कारण देण्यात आले. ऑगस्ट २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने खाणीला वनमंजुरी नाकारली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. २०१२ मध्ये फोन-हॅकिंग प्रकरणानंतर चर्चने न्यूज कॉर्पोरेशनचे सुमारे १९ लाख पौंडांचे भागही विकले.

वोंगा प्रकरण : जुलै २०१३ मध्ये आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी वोंगा या कंपनीला स्पर्धेतून नामशेष करण्याचा इरादा जाहीर केला. ही कंपनी पगार होईपर्यंतच्या गरजेसाठी अल्पमुदतीची कर्जे देत असे व तिचा जाहीर वार्षिक व्याजदर ५,८५३ टक्के होता. गरजूंना पर्याय म्हणून चर्चने सहकारी पतसंस्थांना जागा व मनुष्यबळ द्यावे, अशी त्यांची योजना होती. लगेचच फायनान्शियल टाइम्सने कमिशनर्सचाच पैसा वोंगात असल्याचे उघड केले. कमिशनर्सनी वोंगाचे भाग स्वतः घेतलेले नव्हते. त्यांचा पैसा एका साहसवित्त निधीत होता आणि तो निधी चालवणाऱ्या अ‍ॅक्सेल पार्टनर्स या अमेरिकी संस्थेने २००९ मध्ये वोंगाला भांडवल पुरवले होते. कमिशनर्सचा वाटा सुमारे ७५,००० पौंड, म्हणजे अब्जावधींच्या निधीत नगण्य होता. सामायिक निधीत कोणत्या कंपन्या घ्यायच्या, हे एकट्या गुंतवणूकदाराच्या हाती नसते. एका कंपनीपायी संपूर्ण निधीतून बाहेर पडल्यास लाखो पौंडांचे नुकसान होईल, अशी अडचण मांडली गेली.

या प्रकरणात चर्चच्या वर्ज्ययादीतील टक्केवारीही चर्चेत आली. अश्लील साहित्यातून ३ टक्क्यांपर्यंत, लष्करी सामग्रीतून १० टक्क्यांपर्यंत, तर जुगार, मद्य व चढ्या व्याजाची कर्जे यांतून २५ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेली कंपनी चालत असे. शेवटची मर्यादा फार सैल असल्याचे वेल्बी यांनी मान्य केले व फेरविचार सुचवला. जुलै २०१४ मध्ये कमिशनर्सचा वोंगाशी संबंध संपला. वोंगा ऑगस्ट २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्यानंतर पुढच्याच महिन्यात कामगार संघटनांच्या अधिवेशनात वेल्बी यांनी अ‍ॅमेझॉनच्या करांवर व कामगार-वेतनावर टीका केली, तेव्हा कमिशनर्सच्या मोठ्या परदेशी गुंतवणुकींत अ‍ॅमेझॉनही असल्याचे निदर्शनास आले. भागधारक राहून कंपनीवर आतून दबाव आणणे अधिक परिणामकारक ठरते, असा खुलासा करण्यात आला.

खनिज इंधने : भागधारक राहून आतून दबाव आणण्याचा युक्तिवाद येथे सर्वाधिक काळ टिकला. २०१७ मध्ये कमिशनर्स व न्यूयॉर्क राज्याचा निवृत्तिवेतन निधी यांनी एक्सॉनमोबिलच्या सभेत मांडलेल्या हवामानविषयक ठरावाला सुमारे ६२ टक्के मते मिळाली. तरीही कंपन्यांच्या धोरणात पुरेसा बदल न झाल्याने जून २०२३ मध्ये कमिशनर्सनी शेल व बीपीसह उरलेल्या बड्या तेलकंपन्या सोडण्याचे जाहीर केले. ब्रिटनमधील क्वेकर पंथाने हा निर्णय २०१३ मध्येच घेतला होता.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ नुसार न्यासांचा शिल्लक पैसा मुख्यतः बँकठेवी, टपाल बचत व सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो, अन्य गुंतवणुकीस धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. त्यामुळे देवस्थानांपुढे खाजगी कंपन्यांच्या भागांविषयीचा नैतिक प्रश्न सहसा उभा राहत नाही. ठेवींतून बँका कोणाला कर्ज देतात, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.