करवतकाठी साडी आणि समाजमाध्यमांची लाट

पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडारा जिल्ह्याची दुसरी ओळख म्हणजे कोसा रेशीम. मोहाडी व आंधळगाव येथील हातमागांवर विणली जाणारी करवतकाठी साडी ही या परंपरेची मानकरी. 'फेसबुक', 'इन्स्टाग्राम' आणि 'व्हॉट्सअॅप'मुळे पुण्या-मुंबईचा ग्राहक आता थेट विणकराच्या आवाक्यात आला आहे. मात्र समाजमाध्यमांवरील लाट काही दिवसांत ओसरते, तर मागावरील एका साडीलाच अनेक दिवस लागतात. या दोन वेगांचा मेळ घालणे, हाच हातमाग व्यवसायाच्या ऑनलाइन प्रसिद्धीतील कळीचा प्रश्न होय.

साडीचे वेगळेपण

ऐन व अर्जुन या वृक्षांवर वाढणाऱ्या अळ्यांच्या कोशांपासून कोसा म्हणजेच टसर रेशीम मिळते. त्याचा मूळ रंग मधाळ असतो. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, म्हणून ही 'करवतकाठी'. अंग आणि दोन्ही काठ यांसाठी तीन धोटे वापरून ही साडी विणली जाते. या वस्त्रप्रकाराला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे.

अचानक लाट आणि तिथीची लाट

ऑनलाइन लाटा दोन प्रकारच्या असतात. जुलै २०१९ मध्ये 'ट्विटर'वर साडीतील छायाचित्रे टाकण्याची लाट अचानक उसळली. अशा वेळी यंत्रमागाचा व्यापारी तातडीने माल ओततो. हातमागाला ते शक्य नसते. उसळलेली मागणी मग नकली मालाकडे वळते आणि पहिल्याच खरेदीत फसलेली ग्राहक मूळ साडीकडेही संशयाने पाहू लागते.

दुसरी लाट तिथीवार येते. नवरात्रातील नऊ रंगांची प्रथा २००० नंतरच्या दशकात एका मराठी दैनिकाने रूढ केली. आज ती समाजमाध्यमांवरही दिसते. रंगांची यादी सणाआधीच प्रसिद्ध होते. ७ ऑगस्ट हा दिवस २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. लग्नसराईही ठरलेली असते. या तारखा समोर ठेवून काही महिने आधी माग लावणे आणि आगाऊ नोंदणी घेणे विणकराच्या हिताचे ठरते.

काय दाखवावे?

तयार साडीच्या छायाचित्राची नक्कल सहज होते. विणण्याच्या प्रक्रियेची होत नाही. कोशातून धागा काढणे, धोट्यांची चाल, काठाचा सांधा आणि साडीची उलटी बाजू यांच्या छोट्या चित्रफिती ग्राहकाला अस्सल मालाची पारख शिकवितात. छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे. किंमत, लांबी आणि मिळण्याचा कालावधी स्पष्ट लिहावा. शुद्ध रेशमाची ग्वाही देणारे 'सिल्क मार्क' हे चिन्ह केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ मध्ये सुरू केले. ते साडीला लावलेले असल्यास जाहिरातीत दाखवावे.

ग्राहकांची यादी स्वतःजवळ

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने 'टिकटॉक'सह ५९ अॅपवर बंदी घातली आणि तेथे लाखोंचा प्रेक्षकवर्ग मिळविलेल्यांचे खाते एका रात्रीत निरुपयोगी झाले. म्हणून प्रसिद्धी कोठेही केली, तरी ग्राहकांची नावे व दूरध्वनी क्रमांक, त्यांच्या संमतीने, स्वतःच्या वहीत असावेत. भारतात २०१८ पासून उपलब्ध असलेल्या 'व्हॉट्सअॅप बिझनेस'मध्ये मालाची सचित्र यादी ठेवण्याची सोय आहे. लहान व्यावसायिकास ती पुरेशी ठरते.

कायद्याचे बंधन

समाजमाध्यमावरील मजकूरही जाहिरातच ठरतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मोबदला किंवा मोफत साडी घेऊन शिफारस करणाऱ्यांनी तसे स्पष्ट सांगावे, असे केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये जारी केलेली मार्गदर्शिका बजावते. यंत्रमागाच्या कापडाला 'हातमाग' म्हणणे हा केवळ अनैतिक नव्हे, तर महागात पडणारा व्यवहार आहे.

लाट ग्राहकाला दारापर्यंत आणते. ती पुन्हा येते ते पहिली साडी अस्सल निघाली म्हणून. करवतकाठीच्या विणकराला लाटेमागे धावण्याची गरज नाही. पुढच्या नवरात्राचा माग आजच लावला, तरी पुरे.