पॉइंट, प्लग आणि रविवार

डोंगरीला जाऊन आलो असे सांगितले की ऐकणारा माणूस आधी स्वतःचे पाकीट चाचपतो आणि मग आपल्याकडे निरखून पाहतो. मुंबईच्या डोंगरीने हे नाव असे काही गाजवून ठेवले आहे, की भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या वाटेवर त्याच नावाचे एक साधेसुधे, चर्चच्या घंटेवर जागे होणारे गाव आहे, हे कुणाला पटतच नाही. वास्तविक या गावाचा शेजार मोठा ऐतिहासिक. जवळच धारावीचा किल्ला. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, 1739 साली, मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. (आता ही धारावी म्हणजे ती धारावी नव्हे! इथल्या नावांच्या कुंडलीतच काहीतरी आहे.)

पण मी ज्या इतिहासाबद्दल लिहिणार आहे त्यात तलवार नाही, पेचकस आहे. मध्यमवर्गीय माणूस रविवारी सकाळी, घरच्या घरी, आपल्या छोट्या मोटारीचे ट्यूनिंग करीत असे, त्याचा हा इतिहास. शाळेच्या पुस्तकात तो नाही. परीक्षेला येत नाही म्हणूनच तो गोड आहे.

त्याची सुरुवात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांपासून करावी लागते. त्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. 1954 मध्ये फियाट 1100 आली, 1964 मध्ये तिचीच 'डिलाइट' आली आणि 1974 मध्ये तिचे नाव झाले 'पद्मिनी'. इटलीची लेक, सासरी आल्यावर नाव बदलले, इतकेच. पोटात तेच 1089 सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच लावलेला. नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. वडिलांनी नोंदवलेली गाडी मुलाच्या वरातीला आली, असे विनोद त्या काळी लोक करीत आणि त्यांना कुणी हसत नसे.

इतक्या नवसाने झालेले अपत्य परक्याच्या हाती कोण देणार? त्यात 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर पेट्रोलचे भाव भडकले. गाडी लिटरमागे एक किलोमीटर कमी पळाली तरी घरात दुखवटा पाळला जाई. आणि डोंगरीत राहणाऱ्याला तर पर्यायच नव्हता. मेकॅनिक म्हणजे भाईंदर स्टेशनाकडे. उत्तनला कोळ्यांच्या बोटींची इंजिने दुरुस्त करणारे मिस्त्री होते, पण ती डिझेलची. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्यामुळे त्यांना 'प्लग बघा हो जरा' म्हटले की ते 'याला प्लग कशाला?' असे इंजिनालाच विचारीत.

डोंगरीचे आमचे एक स्नेही गणिताचे शिक्षक होते. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. दर पाच हजार किलोमीटर झाले की येणाऱ्या रविवारी, मिसा आटोपल्यावर, कोट काढून मास्तर बॉनेट उघडीत. बाईंना घरातून फक्त पाठमोरी विजार दिसे आणि त्या विजारीलाच उद्देशून संभाषण चाले.

"अहो, मटण आणायचंय ना?"

"गॅप!" विजार म्हणे.

गॅप म्हणजे काय, हे सांगायलाच हवे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायची, पण बॅटरी असते बारा व्होल्टची. बारा व्होल्टमध्ये ठिणगी कसली, साधी गुदगुलीही होत नाही. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअराने बॅटरीवर चालणारी एक भरवशाची पद्धत बसवली आणि 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांत ती आली. कॉइलमधून करंट जाऊ द्यायचा आणि तो ऐन वेळी तोडायचा. तोडल्याबरोबर कॉइलचे चुंबकत्व कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. हा करंट तोडणारी धातूची दोन इवलीशी बटणे म्हणजे 'पॉइंट'. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल, तर चार सिलिंडरांच्या गाडीत ही बटणे सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. सरकारी कचेरीतली खिडकी दिवसातून एकदा उघडते, हे ध्यानात घेतले म्हणजे या बटणांची योग्यता कळेल.

ती जास्तीत जास्त उघडतील तेव्हा त्यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर फट हवी. काही लोक ती जाड व्हिजिटिंग कार्डाने मोजत, काही करवतीच्या पात्याच्या तुकड्याने. मास्तरांना हे बिलकूल खपत नसे. ते पॉलिश पेपरने बटणांवरची काजळी घासून काढीत आणि फीलर गेजच्या पातळ पात्या एकेक करून त्या फटीत सरकवीत. "अंदाजाला मार्क नसतात," असे म्हणत.

गंमत अशी, की पॉइंट उघडणारी फायबरची टाच झिजत जाते, तशी फट लहान होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. म्हणून आधी फट, मग टायमिंग आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर, असा क्रम. उलटे केले तर शेवटी केलेल्या कामाने पहिले बिघडते. मास्तर म्हणत, हे कंचेभागुबेवसारखे आहे, कंस आधी सोडवलाच पाहिजे.

टायमिंगला अख्खे घर लागे. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकायची, इग्निशन चालू करायचे आणि पॉइंटच्या तारेपासून बॉडीपर्यंत एक छोटा बल्ब जोडायचा. मग गाडी इंच इंच पुढे ढकलायची. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो, आणि नेमक्या त्याच क्षणी पुलीवरची खूण खुणेला जुळायला हवी. ढकलायला मुलगे, शेजारी आणि दूधवाला. बल्ब धरायला धाकटी मुलगी. ती ओरडे, "पेटला!" मास्तर म्हणत, "थांबा!" आणि डोंगरी हे नाव गावाला उगाच पडलेले नसल्यामुळे गाडी काही थांबत नसे. त्याच उताराचा उपयोग मात्र पावसाळ्यात होई. बॅटरी बसली, तर गाडी उतारावर सोडून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की काम झाले.

बॅटरीचे तर तिथे वेगळेच दुखणे. समुद्राचा खारा वारा, भाईंदरची मिठागरे. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी जमे. ती गरम पाण्याने धुवायची आणि वर व्हॅसलिन चोपडायचे. घरातले व्हॅसलिन मुलांच्या फुटलेल्या ओठांपेक्षा बॅटरीलाच जास्त लागे.

मग प्लग. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर तब्येत उत्तम. काळे कोरडे झाले तर पेट्रोल जास्त जातेय, पांढरे पडले तर इंजिन तापतेय, तेलकट दिसले तर रिंग झिजल्या, म्हणजे खर्च आला. शेवटी गरम इंजिनावर कार्बोरेटरचे दोन स्क्रू कानाने जुळवायचे. चहाने भरलेला पेला एअर फिल्टरवर ठेवायचा, चहा सांडला नाही म्हणजे ट्यूनिंग पास. मग तोच चहा मास्तर पीत.

14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 गिऱ्हाइकाच्या हाती पडली. सिलिंडर तीनच, पण पॉइंट आणि कार्बोरेटर होते, त्यामुळे मास्तरांच्या जातीला काम राहिले. मग इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले, आणि 2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. आता फट नाही, टाच नाही. बॉनेट उघडले तर प्लॅस्टिकचे झाकण, आणि बिघाड सांगतो कॉम्प्युटर.

यात रडण्यासारखे काही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ट्यूनिंग चुकलेली जुनी गाडी अख्ख्या गल्लीला धुरी देई, आणि शिसे घातलेले पेट्रोल तर आपल्याकडे 2000 साली बंद झाले. आजच्या गाडीला रविवार लागत नाही आणि हवाही तिच्याने कमी घाण होते. मुंबईतली पद्मिनी टॅक्सीही 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली. लोकांनी फोटो काढले, हळहळ व्यक्त केली आणि ए.सी. गाडी बोलावून घरी गेले. मीही त्यांतलाच.

पण बल्ब धरणाऱ्या त्या मुलीचे मला राहून राहून वाटते. दहा वर्षांची असताना तिला ठाऊक होते, की गाडी 'मिसिंग' मारत असली तर रबराचा हातमोजा घालून प्लगच्या तारा एकेक करून काढायच्या. जी काढल्यावर आवाज पडतो तो सिलिंडर चांगला, आणि जी काढूनही फरक पडत नाही तिथे चोर बसला आहे. हे तिला कुणी शिकवले नाही, नुसते शेजारी उभे राहून आले. इंजिने सुधारली त्याबरोबर ही उभे राहायची जागाच गेली. मुलांना आज वस्तू वापरता येते आणि टाकता येते, मधले काही येत नाही.

ती मुलगी आता आजी व्हायच्या वयाची आहे. तिच्याकडे मिक्सर बंद पडला की नातलग म्हणतात, "नवा घेऊन टाक." ती आधी सॉकेट पाहते, मग वायर, मग स्विच, मग खालचे ओव्हरलोडचे लाल बटण दाबते. बहुतेक वेळा तिथेच काम होते. कंस आधी सोडवायचा, हे तिच्या हाताला माहीत आहे. मिक्सर घर्रर्र करून सुरू होतो, आणि ती क्षणभर कान देऊन ऐकते. आवाज ठीक आहे ना, एवढेच.