गाव करी ते राव न करी

देवळाच्या जीर्णोद्धाराला दगड, लाकूड लागते, तसा पैसाही लागतो. परंतु त्याआधी गावकऱ्यांचा एकमेकांवर विश्वास लागतो. गावाच्या प्रपंचाचेही तसेच आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा इतिहास त्याची साक्ष देतो.

सन 1875 मध्ये सावकारी कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी पुणे व नगर जिल्ह्यांत उठाव केला. कर्जरोखे जाळले, सावकारांवर बहिष्कार टाकला. गावे एक झाली खरी. परंतु पेरणीला पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर पुढे सहकाराने दिले. 1923 साली लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी पतपेढी निघाली. अशा संस्थांत सभासदच एकमेकांना जामीन राहत. ज्याची पत सावकाराकडे नव्हती, त्याला शेजाऱ्याच्या शब्दावर पत मिळाली. याच सवयीतून शेतकऱ्यांनी भाग घेतले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांची साथ लाभली आणि 1950 साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची हकिकत तर देवळापासूनच सुरू होते. पाऊस कमी, शेती बुडालेली, गावात दारूच्या भट्ट्या आणि संत यादवबाबांच्या मंदिराचे लाकूडही त्या भट्ट्यांत गेलेले. 1975 साली सैन्यातून परतलेले अण्णा हजारे यांनी स्वतःची पुंजी घालून मंदिराचा जीर्णोद्धार आरंभिला. ते पाहून गावकरी श्रमदानास आले. पुढे त्याच मंदिरात बसून दारूबंदी ठरली. गळका पाझर तलाव दुरुस्त झाला, ओढ्यानाल्यांना बांध पडले, विहिरींना पाणी आले. अडल्यानडलेल्यांसाठी धान्यकोश निघाला. कर्जात बुडालेल्या दलित कुटुंबांच्या जमिनीवर गावाने श्रमदान केले व त्यातून त्यांचे कर्ज फेडले. सरकारी योजना इतर गावांतही आल्या होत्या. येथे त्या राबविण्यास गाव एक होते.

मात्र याच गावात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचेही प्रकार घडले. तेव्हा एकीचा धाक होऊ नये, ही जाण ठेविली पाहिजे. ज्या एकीत दुबळ्याला जागा नाही, ती फार दिवस टिकत नाही.

मंदिरासाठी एकत्र आलेले हात उद्या बंधाऱ्यासाठी, शाळेसाठी आणि अडलेल्या शेजाऱ्यासाठीही एकत्र येवोत, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.