घसाऱ्याच्या तक्त्याबाहेरची फियाट

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ‘डुक्कर फियाट’ बाहेर पडली, आणि पुढे 1089 घनसेंटिमीटर इंजिनाची, 1974 पासून ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेलेली मोटारही तिथेच घडली. शतक पालटताना तिचे उत्पादन थांबले. तरी पत्राकाम, बोअरिंग आणि रंगकाम करून पूर्ववत केलेल्या काही पद्मिनी आजही रोजच्या कामासाठी रस्त्यावर धावतात. अशा गाडीचे मोल विम्याच्या कागदावर कसे मांडायचे, हा प्रश्न भारतीय मोटार विम्याने कधीच नीट हाताळलेला नाही.

1939 च्या मोटार वाहन कायद्यातील विम्याचे प्रकरण 1 जुलै 1946 पासून लागू झाले. त्याने सक्ती केली ती तृतीय पक्षाच्या, म्हणजे अपघातात सापडणाऱ्या इतरांच्या, नुकसानभरपाईच्या विम्याची. मालकाच्या स्वतःच्या गाडीचा विमा ऐच्छिकच राहिला. त्या विम्यात मालक गाडीची अंदाजी किंमत सांगे आणि हप्ता तिच्यावर आकारला जाई, परंतु गाडी पूर्ण नष्ट झाल्यास भरपाई मात्र त्या दिवसाच्या बाजारभावाने होई, ही तंट्यांना आमंत्रण देणारी रीत होती. परवान्यांच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागत असल्याने जुन्या गाडीचा भाव तिच्या झिजेपेक्षा टंचाईवर अधिक ठरे, हेही विसरता येत नाही.

1 जुलै 2002 पासून अमलात आलेल्या दरपत्रकाने ‘विमाकृत घोषित मूल्य’ ही संज्ञा आणली. उत्पादकाच्या विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करून येणारी रक्कम, असा तिचा अर्थ. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला 5 टक्के, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के. पाच वर्षांपुढील आणि उत्पादन बंद झालेल्या गाड्यांसाठी तक्ताच संपतो. तेथे मूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या परस्पर समजुतीने ठरवायचे असते. पूर्ववत केलेल्या पद्मिनीचा मालक याच जागी एकटा पडतो, कारण कारागिराच्या महिनोन्‌महिन्यांच्या श्रमांना त्या समजुतीत ठरलेले स्थान नाही. मूल्य 60,000 रुपये धरले गेले आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्या 75 टक्क्यांवर, म्हणजे 45,000 रुपयांवर, गेला, तर गाडी दुरुस्त होण्यासारखी असूनही ती पूर्णतः नष्ट झाल्याचे मानले जाते. आंशिक नुकसानीतही दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो. मडगार्ड दोनच महिन्यांपूर्वी नवे बसवले असले तरी मोजले जाते ते गाडीचे वय.

यावरचा उपाय त्याच दरपत्रकात होता, पण तो फार थोड्यांसाठी. ‘संमत मूल्य’ पद्धतीत आधी ठरलेली रक्कम घसारा न कापता दिली जाते. सागरी विम्यात ही कल्पना पूर्वापार रुळलेली आहे. मोटारींच्या बाबतीत ती केवळ ‘व्हिंटेज’ गाड्यांना, म्हणजे 31 डिसेंबर 1940 पूर्वी तयार झालेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या गाड्यांनाच, खुली ठेवण्यात आली. 2007 पासून कंपन्यांना स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर ठरवण्याची मोकळीक मिळाली, तरी पॉलिसीची मूळ कलमे बरीचशी तशीच राहिली.

2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज ठरवून ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक दिला, त्यामुळे पन्नाशी गाठल्यावर 1974 ची पद्मिनीही त्या व्याख्येत बसू लागली. मात्र त्या क्रमांकाची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल यांपलीकडे नियमित वापरता येत नाही. वारसा जपण्याचा हा विचार अपुरा वाटतो, कारण यंत्राचा वारसा त्याच्या चालण्यातही असतो. ज्याला तिच्यातून रोज कामावर जायचे आहे, त्याने साधी नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यायची, 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपयांवर गेलेले आणि 2025 मध्ये आणखी वाढलेले शुल्क भरायचे, आणि समजुतीच्या मूल्यासाठी दरवर्षी छायाचित्रे, कामाच्या पावत्या व मूल्यांकनकाराचा अहवाल घेऊन विमा कंपनीपुढे पुन्हा उभे राहायचे.