आश्रमशाळेच्या फाटकाशी

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांबद्दल शहरी माणूस कौतुकानं बोलतो: आदिवासी बाईचं बरं असतं, पटलं नाही तर चार पंचांसमोर काडी मोडायची, नवऱ्याकडून घेतलेलं देज परत करायचं, दोघं मोकळी. यातलं निम्मं मला मान्यच आहे. केंद्रानं वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही; तिथे रूढी चालते. आणि बाईनं दुसरा घरोबा केला तर वारली-कोकणा समाज पांढरपेशांइतकी नाकं मुरडत नाही.

पण मोकळं कोण झालं? पंच देजाचा हिशेब करतात. मार त्या हिशेबात येत नाही. पोरं बापाच्या कुळाची, एवढ्यावर बैठक उठते. मग दिवाळीच्या सुट्टीला आश्रमशाळा सुटते तेव्हा फाटकाशी आईच्या आधी बाप हजर. गुरुजी वहीत अंगठा घेतात, पत्र्याची पेटी बापाच्या खांद्यावर, पोर मागोमाग. आता आईला पोर बघायचं तर पुन्हा तोच उंबरा चढायचा. ‘बायकोला मारायचा, पण लेकराला कधी बोट लावलं नाही’ ही साक्ष म्हणूनच फोल. आईला परत ओढून आणायला ज्या पोराचा दोर केला, ते त्या मारातच उभं असतं.

सुशिक्षितांचा आक्षेप वेगळा: विवाहाचा कायदाच लागू नाही, तर कोर्ट काय करणार? ही निव्वळ गल्लत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा जमात बघत नाही, लग्नासारखं नातंही त्याला चालतं. संसार आधी आणि लग्न ऐपत आल्यावर, अशी रीत असलेल्या वारल्यांना हे फार मोलाचं. कलम २१ खाली आईला मुलांचा तात्पुरता ताबा मिळतो; बापाची भेट मुलाला घातक वाटली, तर दंडाधिकाऱ्यानं ती नाकारायचीच आहे. पीडित मूल असेल तर कलम १८ त्याच्या शाळेत पाऊल टाकायला मनाई करू शकतं. बाई भिवंडीच्या वीटभट्टीवर असेल, तर कलम २७ प्रमाणे अर्ज तिथल्याच कोर्टात. घटस्फोट झाला म्हणून आधीच्या माराची दाद बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली मुंबईच्या एका प्रकरणात सांगून ठेवलं आहे.

फक्त दंडाधिकाऱ्याच्या आदेशाची प्रत फाटकावरच्या वहीपर्यंत पोचली पाहिजे. नाहीतर गुरुजी तरी काय करणार? समोर उभा असतो तो बापच.